साळिंदराचे काटे आणि दात

साळिंदर म्हटलं की काटे आठवतात आणि बहुतेकांची माहिती तिथेच संपते. कोकणातल्या एखाद्या बागायतदाराशी बोलून पाहा. तो काट्यांविषयी चार वाक्यंही बोलणार नाही, तो दातांविषयी बोलेल. रात्रीतून मुळापाशी कुरतडलेलं माडाचं रोप, जमिनीतून नेमके वेचून खाल्लेले सुरणाचे कंद, शेंगा भरल्याबरोबर उकरलेला भुईमूग. मला बागायतदाराचं पाहणं जास्त खरं वाटतं. काट्यांची गरज साळिंदराला अधूनमधून, जिवावर बेतलं तर पडते. दात आणि पुढच्या पायांची नखं मात्र रोज रात्री चालतात. हा प्राणी समजून घ्यायचा तर त्या दोन अवजारांपासूनच सुरुवात करायला हवी.

आपल्याकडचं साळिंदर म्हणजे हिस्ट्रिक्स इंडिका. कुठे त्याला सायाळ म्हणतात, कुठे साळू, कुठे नुसतं साळ. रॉबर्ट कर या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १७९२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. भारतातच नव्हे, तर पश्चिमेला तुर्कस्तान-इस्रायलपासून अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत हा एकच प्राणी पसरलेला आहे. वाळवंट, खडकाळ टेकड्या, गवताळ माळ, सह्याद्रीतलं जंगल, उसाचा पट्टा, काजूची बाग, सगळीकडे तो जमवून घेतो. पूर्ण वाढलेल्या साळिंदराचं वजन साधारण ११ ते १८ किलो भरतं. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी ७० ते ९० सेंटिमीटर आणि शेपटी जेमतेम ८ ते १० सेंटिमीटर. काटे बाजूला ठेवून पाहिलं तर हा एक भलामोठा, आखूड पायांचा, जड अंगाचा कृंतक आहे, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातला प्राणी. अंगाचा चेंडू करणारा काटेचोर हा किडे खाणारा वेगळाच प्राणी, त्याचं साळिंदराशी जवळचं नातं नाही. साळिंदर अंगाचा चेंडू कधीच करत नाही.

आता दात. तोंडात एकूण वीस. वर दोन आणि खाली दोन पटाशीचे, बाकीच्या सोळा दाढा. पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या बाजूला कठीण इनॅमलचा नारिंगी थर असतो, मागची बाजू त्या मानाने मऊ. कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते, पुढची शिल्लक राहते, आणि दाताची कड आपोआप पटाशीसारखी तिरकी, धारदार होते. धार लावायला वेगळं काही करावं लागत नाही, पण घासत राहावं लागतं. घासलं नाही तर दात वाढून वळतात आणि जनावराला खाता येत नाही. जबडा चालवणारा स्नायूही विलक्षण आहे. साळिंदराच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीपुढे दोन्ही बाजूंना मोठं भोक असतं. गालाच्या चावण्याच्या स्नायूचा एक पदर त्या भोकातून आरपार पुढे जाऊन थेट थोबाडाच्या हाडाला धरलेला असतो. म्हणून ओढ लांबून बसते आणि पटाशीच्या दातांवर जोर येतो. गिनीपिगच्या कवटीतही हीच रचना दिसते.

या जोराचा पुरावा पाहायचा असेल तर जंगलात गळून पडलेलं सांबराचं किंवा चितळाचं शिंग शोधा. दरवर्षी नरांची शिंगं गळतात, मग जंगलाची जमीन शिंगांनी भरून का जात नाही? मोठं कारण साळिंदर. शिंग म्हणजे हाडच, त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. कंदमुळांच्या आहारात ही खनिजं पुरेशी मिळत नाहीत. साळिंदर पडलेली शिंगं आणि मेलेल्या जनावरांची हाडं तोंडात धरून बिळापर्यंत ओढून नेतं आणि दिवसा निवांत कुरतडतं. खनिजंही मिळतात, दातही झिजतात. अशा हाडाचा तुकडा हातात घेऊन उजेडात तिरका धरला तर कडेने ओळीने पडलेल्या रुंद, सपाट तळाच्या खाचा दिसतात. प्रत्येक खाच चार-पाच मिलिमीटर रुंद आणि शेजारच्या खाचेला समांतर. वरचे दात हाडाला टेकवून धरायचे आणि खालच्या दातांनी खरवडायचं, अशी त्याची पद्धत. वाघ-तरस हाड फोडतात तेव्हा खड्डे आणि भेगा पडतात. साळिंदराने खाल्लेलं हाड कानशीने घासल्यासारखं दिसतं. पुरातत्त्वज्ञांना हा फरक ओळखावाच लागतो. दक्षिण आफ्रिकेतल्या गुहांत सापडलेले हाडांचे मोठे साठे कुणी जमवले, माणसाने, तरसाने की तिथल्या साळिंदरांनी, हे ठरवताना या खाचाच पहिली साक्ष देतात.

साळिंदर प्रत्यक्ष दिसण्याचा योग थोड्यांना येतो, कारण सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ते बाहेर पडत नाही आणि उजाडायच्या आत परत येतं. पण सकाळी बांधावरून चालणाऱ्याला त्याचं रात्रीचं काम वाचता येतं. पहिला घोळ होतो तो रानडुकराशी. डुक्कर नाकाडाने जमीन उलथतं. त्याची उकर म्हणजे लांब-रुंद पट्टा, नांगर फिरल्यासारखी उलटी झालेली ढेकळं, तुडवलेली रोपं. साळिंदराचा खड्डा एकेकटा असतो. तिरका, नरसाळ्यासारखा खाली निमुळता होत जाणारा, आणि माती एकाच बाजूला मागे फेकलेली. नेमका कंदाच्या जागी. शेजारचं रोप बऱ्याचदा जागेवर उभं असतं आणि दोन दिवसांनी सुकतं, तेव्हा कळतं की खालचा कंद कधीच गेला. खड्ड्याच्या काठावर कंदाच्या सालीचे तुकडे पडलेले सापडले तर शंकाच नको. मका असेल तर ताट बुडाशी तिरकं कापून आडवं पाडलेलं असतं, कारण साळिंदराला वर चढता येत नाही. कणीस खाली आणल्याशिवाय त्याला खाता येत नाही.

ठसे मऊ धुळीत चांगले उमटतात. पुढच्या पायाला चार बोटं उमटतात, अंगठा नावापुरता असतो. मागच्या पायाला पाच. पावलाचा तळवा पूर्ण टेकतो, नखांच्या खुणा बोटांच्या पुढे दिसतात, आणि ठशांच्या मागे किंवा मधून बारीक रेघा ओढल्यासारख्या असतात, त्या जमिनीला घासणाऱ्या काट्यांच्या. लेंड्या काळपट, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. फोडून पाहिल्या तर आत नुसता चोथा. कधी त्या एकमेकींना तंतूंनी जोडलेल्या माळेसारख्या सापडतात. आणि वाटेवर एखादा गळलेला काटा. साळिंदर वाटेचं पक्कं असतं. कुंपणातली तीच फट, बांधावरची तीच उतरण, रात्रीमागून रात्री. म्हणून कुठून येतं हे शोधणं अवघड नाही. संध्याकाळी संशयित फटीत चाळलेली माती हाताने सपाट करून ठेवली की सकाळी उत्तर तिथेच असतं.

या खणण्याकडे शेताबाहेरही पाहायला हवं. इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटी टेकड्यांवर हीच जात राहते आणि तिथल्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिचे खड्डे वर्षानुवर्षं तपासले आहेत. तिथली जमीन वरून कडक पापुद्र्याची. पाऊस थोडा, तोही वाहून जातो. साळिंदर ट्युलिपसारख्या वनस्पतींचे कंद काढण्यासाठी वीतभर खोल खणतं आणि खड्डा तसाच टाकून पुढे जातं. त्या खड्ड्यात वाहतं पाणी थांबतं, वाऱ्याने उडालेलं बी आणि पालापाचोळा साठतो, ऊन कमी लागतं. आजूबाजूच्या न खणलेल्या जमिनीपेक्षा या खड्ड्यांत रोपांची संख्या आणि जाती दोन्ही जास्त आढळल्या. खड्डा भरून सपाट व्हायला बरीच वर्षं लागतात, तोपर्यंत तो छोट्या वाफ्याचं काम करत राहतो. ज्या प्राण्याला आपण नासधूस करणारा म्हणतो तो तिथे उजाड टेकडीवर दरवर्षी शेकडो वाफे तयार करून जातो. आपल्या माळांवर आणि सड्यांवर असाच अभ्यास कुणी तरी जिद्दीने करावा असं मनापासून वाटतं. कंदांच्या बाबतीत आपली जमीन काही गरीब नाही.

त्याच नेगेव्हमध्ये रेडिओ कॉलर लावून साळिंदरांच्या रात्री मोजल्या गेल्या. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसलं की चांदण्याचा त्यांच्या फिरण्यावर परिणाम होतो. लख्ख चांदण्यात ती बाहेर कमी वेळ राहतात आणि उघड्यापेक्षा झुडपांच्या आडोशाने फिरतात. आपल्याकडे जुन्या राखणदारांना हे वेगळ्या रीतीने ठाऊक असतं: अंधाऱ्या पंधरवड्यात राखण जास्त कडक हवी. साळिंदराची नजर कमकुवत, पण नाक आणि कान तीक्ष्ण. जमिनीखालचा कंद ते वासावर शोधतं. चरायला बहुधा एकटंच निघतं, फार तर सोबत वाढतं पिल्लू असतं.

आता काटे. काटे म्हणजे केसच, केराटिनचे, जाड होत गेलेले. सगळे एकसारखे नसतात. डोक्यामागे आणि मानेवर लांब, लवचिक, राठ केसांचा तुरा असतो. पाठीच्या मागच्या निम्म्या भागावर दोन थर. वरचे काटे लांब आणि बारीक, वाकणारे. त्यांच्याखाली लपलेले आखूड, जाड, ताठ आणि टोकदार, १५ ते ३० सेंटिमीटरचे, पांढऱ्या आणि काळपट-तपकिरी पट्ट्यांचे. इजा हे आखूड काटेच करतात. लांब काटे अंग मोठं दाखवायला. पोटाखाली आणि पायांवर नुसते राठ केस.

जाड काटा ब्लेडने आडवा कापून भिंगाखाली धरला तर रचना बघत राहावीशी वाटते. बाहेर पातळ, कठीण, गुळगुळीत कवच. आत पांढरा, फेसासारखा हलका गाभा. आणि त्या गाभ्यातून कवचापासून मध्याकडे निघालेल्या बारीक उभ्या भिंती, काट्याच्या पूर्ण लांबीभर धावणाऱ्या. नुसती पोकळ नळी दाबली की चेपून मोडते. आतला गाभा आणि या भिंती तिला चेपू देत नाहीत. वजन जवळजवळ काही नाही आणि ताठपणा भरपूर. अमेरिकेतल्या साळिंदरांच्या काट्यांत आतल्या या भिंती नसतात, पण त्यांच्या टोकाला उलट्या दिशेचे सूक्ष्म आकडे असतात, त्यामुळे घुसलेला काटा आणखी आत सरकत जातो. आपल्या साळिंदराच्या काट्याला असे आकडे नाहीत, टोक गुळगुळीत असतं. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण इंटरनेटवर फिरणारी बरीचशी माहिती आणि छायाचित्रं अमेरिकन साळिंदराची असतात. दोन्ही कुळं वेगळी आहेत आणि काटे दोघांनी स्वतंत्रपणे कमावले आहेत. अमेरिकेतलं झाडावर चढतं, आपलं जमिनीवरच राहतं.

साळिंदर काटे फेकून मारतं ही समजूत किती जुनी आहे कोण जाणे, पण ती खोटी आहे. काटा फेकणारा कोणताही स्नायू त्याच्या अंगात नाही. प्रत्येक काट्याच्या मुळाशी केस उभा करणारा स्नायू असतो, थंडीने आपल्या अंगावर काटा येतो तोच. त्याच्या जोडीला कातडीखालचा मोठा स्नायू सगळे काटे एकदम उभे करतो आणि थरथरवतो. काट्याचं मूळ कातडीत फार घट्ट रुतलेलं नसतं. अंग जोरात झटकलं की जुना, सुटत आलेला काटा गळून बाजूला पडतो. समोरच्याला टेकला की तो काटा त्याच्या अंगात राहतो आणि साळिंदराच्या अंगातून सुटतो. पाहणाऱ्याला वाटतं, मारला. गेलेल्या काट्याच्या जागी काही महिन्यांत नवा येतो.

शेपटीवरचे काटे मात्र हत्यार नाहीत, वाद्य आहेत. ते आखूड, पांढरे असतात. एका बारीक देठावर पोकळ नळकांडं बसवल्यासारखे. लहानपणी त्याचं टोक बंद असतं, पुढे झिजून तुटतं आणि उघडी पोकळी तयार होते. शेपटी थरथरली की ही नळकांडी एकमेकींवर आपटून कोरडा, खुळखुळता आवाज येतो. हा आवाज पहिली ताकीद.

क्रम बहुतेक ठरलेला असतो. पळता येण्यासारखं असेल तर साळिंदर पळतं, हे आधी ध्यानात घ्यावं. भांडण काढायला ते येत नाही. वाट अडली की थांबतं, तुरा आणि काटे उभे करतं, पाहता पाहता दुप्पट दिसू लागतं. मग शेपटी खुळखुळवतं, मागचे पाय जमिनीवर आपटतं, घोगरं फुरफुरतं. तरीही समोरचा हटला नाही तर पाठ त्याच्याकडे वळवून झटक्यात मागच्या मागे किंवा तिरकं धावून येतं. सगळा धोका या शेवटच्या हालचालीत आहे. पुढून येणारं जनावर आणि मागून सरकणारे काटे यांचा वेग एकमेकांत मिळतो आणि काटे खोल जातात. म्हणून रात्री वाटेत साळिंदर दिसलं तर उभं राहावं, बॅटरी खाली करावी आणि त्याला बाजूने जायला जागा द्यावी. दगड मारून हुसकावणाऱ्याच्या पायात काटे शिरतात ते बहुधा याच घाईत.

बिबट्या साळिंदराची शिकार करतो, त्याच्या विष्ठेत काट्यांचे तुकडे सापडतात. अनुभवी बिबट्या फिरून समोर येतो आणि डोकं धरतो, कारण डोक्यावर काटे नसतात. साळिंदर म्हणून तर सतत पाठ वळवत राहतं. शिकणारं किंवा जखमी, म्हातारं जनावर इथे चुकतं. पंजात, जबड्यात, छातीत मोडलेला काटा पिकतो, जनावर लंगडं होतं आणि नेहमीची शिकार जमेनाशी होते. कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीविषयी जिम कॉर्बेटने हेच नोंदवलं आहे: साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला होता आणि उजव्या पुढच्या पायात सुमारे पन्नास काटे रुतले होते, काही नऊ इंचांपर्यंतचे. वाघाला माणसाकडे वळवणाऱ्या कारणांत एवढ्याशा कृंतकाचं नाव यावं, यातच त्याच्या काट्यांचं मोल कळतं.

गावातल्या कुत्र्यांचा प्रश्न याहून नेहमीचा. कुत्रा तोंडाने भिडतो, त्यामुळे काटे नाक, ओठ, जीभ, टाळू आणि छातीत जातात. काटा कापला की आतली हवा निघून तो सैल होतो असं सांगतात. ते करू नये. कापलेला काटा चिरफाळतो आणि धरायला बूड राहत नाही. एक-दोनच काटे असतील, वरवर असतील आणि कुत्रा शांत असेल तर चिमट्याने कातडीलगत पकडून, शिरला त्याच रेषेत सरळ ओढावा. हेलकावे दिले तर टोक आत मोडतं, आठवड्याभराने तिथे गळू येतं. काटे जास्त असतील, डोळ्याजवळ, घशात किंवा छातीत-पोटात असतील तर हात न लावता पशुवैद्याकडे न्यावं. तिथे भूल देऊन काढतात, कारण वेदनेने झटके देणाऱ्या कुत्र्याच्या छातीतला काटा फुफ्फुसात जाऊ शकतो. वाटेत कुत्र्याला पंजाने तोंड घासू देऊ नये. माणसाला लागला तर काढून जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. काट्याला विष नसतं, पण तो मातीत माखलेला असतो.

एवढ्या काट्यांतून यांचा संसार कसा होतो, हे लहान मुलंच नव्हे तर मोठी माणसंही विचारतात. मादी काटे अंगासरशी पाडते आणि शेपटी वर घेते. तिची मर्जी नसेल तर नराला काही करता येत नाही. जोडी दीर्घकाळ एकत्र राहते आणि आई-बाप व पिल्लं एकाच बिळात असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या साळिंदरांवरच्या अभ्यासात तर दिसलं की पिल्लं होण्याची शक्यता नसतानाही जोडी वर्षभर समागम करते, त्याने जोडी टिकते. एका वेळी बहुधा एक किंवा दोन पिल्लं. जन्मतः डोळे उघडे, आणि काटे असतात पण मऊ, ओलसर. हवा लागली की थोड्याच काळात कडक होऊ लागतात. आईला जन्म देताना इजा होत नाही ती यामुळे. स्तनांची जागाही सोयीची आहे. ते पोटाखाली नसून बरगड्यांच्या बाजूला असतात, त्यामुळे पिल्लं कुशीला बाजूने लागून पितात, काटे मध्ये येत नाहीत. बंदिवासात साळिंदर वीस वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. उंदराच्या गणात हे आयुष्य फारच मोठं, आणि पिल्लं कमी. म्हणजे घुशी-उंदरांसारखी यांची संख्या झपाट्याने भरून येत नाही.

आता बागेकडे. नारळाचं रोप साळिंदराने खाल्लं की मरतं, केळ किंवा ऊस खाल्ला तर बहुधा पुन्हा फुटतो. कारण साधं आहे. माडाला वाढीचा कोंब एकच. साळिंदर बुडाशी उकरून, कुरतडून मऊ गाभ्यापर्यंत पोहोचलं की दुसरा फुटवा येत नाही. केळीचा गड्डा जमिनीत शिल्लक असतो. म्हणून हातात पैसा आणि वेळ मोजका असेल तर आधी माडाची रोपं सांभाळावीत, विशेषतः खोड धरेपर्यंतची पहिली चार-पाच वर्षं.

नायलॉनची जाळी लावू नका, ती काही मिनिटांत कुरतडली जाते. जुन्या साड्यांचं कुंपण डुकराला काही दिवस बुजवतं, साळिंदर त्याच्या खालून येतं. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळीही फार काळ टिकत नाही. टिकते ती वेल्डमेश, जाड तारेची, दोन इंचांपेक्षा मोठी घरं नसलेली. साळिंदराला उडी मारता येत नाही, चढता येत नाही, त्यामुळे उंची ७५ सेंटिमीटर पुरते. लोक चुकतात ते खालच्या बाजूला. जाळी जमिनीवर नुसती टेकवली तर खणून आत येतं. ती फूटभर गाडावी आणि गाडलेली कड बाहेरच्या बाजूला आणखी फूटभर आडवी वळवावी. साळिंदर कुंपणाला अगदी लागून खणतं, पाय आडव्या जाळीवर अडतात, मागे सरकून लांबून खणावं हे त्याला सुचत नाही. एकाच बाजूला कुंपण घालून भागत नाही, जुनी वाट बंद झाली की ते कडेकडेने दुसरी फट शोधतं.

एकेका रोपाभोवती जीआय पत्र्याचं कडं हा स्वस्त मार्ग. साठ-सत्तर सेंटिमीटर उंच, त्यातला वीतभर भाग जमिनीत, व्यास एवढा की झावळी आत अडकू नये. गुळगुळीत पत्र्यावर दातांना पकड मिळत नाही. पण कोकणच्या पावसात या कड्यात पाणी तुंबतं आणि रोप कोंबाशी कुजतं. म्हणून जमिनीलगत भोकं पाडावीत, बोटापेक्षा मोठी नकोत. आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर फेरी मारून पाहावं, माती वाहून पत्र्याची खालची कड उघडी पडलेली असते.

सौर कुंपण डुकरासाठी लावलेलं असतं आणि मालक म्हणतो, साळिंदरावर चालत नाही. चालत नाही कारण सगळ्यात खालची तार त्याच्या पाठीच्या उंचीला असते आणि काट्यांतून झटका लागत नाही. तार नाकाला लागायला हवी. एक तार जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, दुसरी ३० वर. एवढ्या खाली तार असली की पावसाळ्यात गवत टेकून प्रवाह जमिनीत उतरतो, तेव्हा दर आठवड्याला गवत काढण्याची तयारी असेल तरच हा खर्च करावा. शेतात थेट घरची वीज सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात दरवर्षी माणसं मरतात. फोरेटसारखी कीटकनाशकं बिळाशी टाकण्याचा प्रकारही थांबायला हवा. फोरेटवर तर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदीच आहे. दिवे, फटाके, घंटा यांनी चार-आठ रात्री फरक पडतो, मग साळिंदराला सवय होते.

आणि फासकी. साळिंदराच्या ठरलेल्या वाटेवर गाडीच्या क्लचवायरची फासकी लावणं सोपं असतं, म्हणूनच ती लावली जाते, मांसासाठी किंवा वैतागून. पण त्याच वाटेने रात्री बिबट्याही जातो. कमरेत फासकी आवळली की तो जितका ओढतो तितकी ती आत रुतते. कोकणात बिबटे असे मेल्याच्या बातम्या वारंवार येतात. साळिंदर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. शिकार, मांस, काटे विकणं, सगळंच त्यात येतं. सीमंतोन्नयनाच्या, म्हणजे गर्भवतीसाठी करायच्या संस्काराच्या विधीत पत्नीच्या भांगाला लावायला साळिंदराचा काटा सांगितला आहे आणि हा विधी गृह्यसूत्रांइतका जुना आहे. दुसरीकडे घरात तोच काटा पडला की भांडणं लागतात असाही समज आहे. दोन्ही कारणांनी काट्यांना बाजारात गिऱ्हाईक मिळतं. ते मिळू नये. रानात सापडलेला काटा तिथेच राहू द्यावा.

शेवटचा मुद्दा बिळाचा, कारण वैताग वाढला की माणूस बिळात धूर करतो किंवा तोंडं बुजवतो. साळिंदराचं बीळ म्हणजे लांब बोगदा, आत मोठं दालन आणि बाहेर पडायला एकापेक्षा जास्त तोंडं. एक तोंड बुजवून काही होत नाही. त्यात आत तेच एकटं असेल याचीही खात्री नसते. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात साळिंदरांच्या बिळांत अजगर राहतात, वटवाघळंही राहतात, आणि थंडीत अजगर याच बिळांच्या तोंडाशी उन्हाला येऊन पडतात. साळिंदर खणतं म्हणून इतरांना घर मिळतं.

घराच्या पायाखाली किंवा धरणाच्या मातीच्या बांधात बीळ निघालं तर मात्र ते बंद करावंच लागतं. तेव्हा सगळी तोंडं शोधून प्रत्येकात सुक्या काटक्या उभ्या रोवाव्यात, समोर माती चाळून सपाट करावी आणि रोज सकाळी पाहावं. काटक्या पडल्या असतील तर आत कुणी आहे, ठशांवरून कोण ते कळतं. लहान ठसे मोठ्यांच्या जोडीने दिसले तर पिल्लं आहेत, ती स्वतः चरायला बाहेर पडेपर्यंत थांबावं. सलग आठवडाभर एकही काटकी हलली नाही तर बीळ रिकामं समजून दगड-मातीने आतपर्यंत ठासून भरावं, नुसतं तोंड लिंपू नये. आणि जनावर आत अडकलं असेल, विहिरीत पडलं असेल किंवा फासकीत सापडलं असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. पोत्यात धरायला जाऊ नये. पोत्यातून काटे आरपार येतात.